उसनं दिलेलं पोर

बाई, आपल्या शाळेचा बंधारा ह्या वर्षी फुटला. तुमच्या वेळी तो गळायचा. दहा ठिकाणी गळायचा, आणि तुम्ही पदर खोचून पलीकडच्या दरडीवर उभ्या राहून म्हणायचात, "गळांदे, खालच्यांका पण पाणी व्हया मा?" पण तो फुटल्याचं मला आठवत नाही, आणि गावात ज्यांना विचारलं त्यांनाही आठवत नाही. ह्या वर्षी तो एकाच जागी, वरपासून तळापर्यंत, दार उघडावं तसा उघडला. आराखडा माझा होता. हे तुम्हांला दुसऱ्या कोणाकडून कळण्याची शक्यता नाही, म्हणून मी सांगते आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात शिकत होते आणि तेराव्यालाही आले नाही. शिक्षण पूर्ण केलं. आता एका कंपनीत कालवे आणि त्यांचे दरवाजे ह्यांची आरेखनं करते. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, म्हणून गणपतीपासून घरीच आहे. काम संगणकावरून चालतं, नेट गेलं की घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहते. तुम्ही असतात तर पहिल्याच आठवड्यात माणूस पाठवून बोलावून घेतलं असतंत. मी स्वतःहून शाळेत गेले नाही. शेवटी दिवाळीनंतर आत्ताचे सर घरी आले. तरुण आहेत, तळेऱ्याकडचे, शाळेवर जीव आहे त्यांचा. म्हणाले, मॅडम, बंधाऱ्याचं काम काढतोय, तुमचं तर हेच शिक्षण, या की. मला बरं वाटलं. बरं वाटल्याचं मी दाखवलं नाही.

पुढचं तुम्हांला सांगायला नको, पण क्रमाने लिहिल्याशिवाय मला सुचत नाही. भातं कापून झाली की व्हाळाचं वाहतं पाणी पोटरीपर्यंत उतरतं. तेव्हाच अडवलं नाही तर ते शिमग्याच्या आधी आटतं, मग खाडीचं खारं पाणी जमिनीतून वर सरकतं आणि शाळेच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. त्या पाण्यात शिजलेली उसळ मी खाल्लेली आहे. म्हणून दर वर्षी शाळेतली मुलं सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून व्हाळ अडवतात. पहिलीतली पोरं करवंट्यांनी माती भरतात, मोठी मुलं गोण्या शिवतात, आणि गोणी अर्धीच भरायची, म्हणजे दोघांना उचलता येते. तुम्ही पहिली ते चौथी मिसळून आमचे चार गट करायचात, प्रत्येक गटाला व्हाळाचा एक तुकडा. आणि काम रंगात आलं की, काही कारण नसताना, तुम्ही ओरडायचात, "एक पोर उसना द्या रे!" मग प्रत्येक गटाने आपल्यातलं एक मूल शेजारच्या गटाला द्यायचं. ते मूल दोन गटांच्या हद्दीवर उभं राहायचं, कारण हाका त्याला दोन्हीकडून यायच्या. "गे, ती गोणी हयसर सरकव!" "आमचो घमेला खंय व्हरतंस गो?" काम मंदावायचं, भांडणं व्हायची, कोणाची गोणी कोणाच्या तुकड्यात गेली ते कळायचं नाही. माझ्या बाबतीत तुम्ही गटाला विचारायच्याही आधी माझ्याकडे बोट करायचात. "तू जा गो." चौथीच्या त्या हिवाळ्यात प्रत्येक वेळी मीच. मी गुडघाभर गार पाण्यात दोन गटांच्या मध्ये उभी आहे, दोन्हीकडची मुलं मला काहीतरी सांगत आहेत, आणि मला एवढंच कळतं आहे की माझ्या गटाला मी नको आहे आणि हे तुम्हांलाही माहीत आहे. ही समजूत मी बरीच वर्षं जपली. कोणाला सांगितली नाही, त्यामुळे ती कोणी दुरुस्तही केली नाही.

तुमच्या बाकीच्या युक्त्याही मला आवडत नसत. जेवणाची आठवते? मागच्या पडवीत भात शिजायचा, आम्ही ओळीने ताटं घेऊन बसायचो, आणि तुमचा नियम असा की आपल्या हाताने आपल्या ताटात काही घ्यायचं नाही. दुसऱ्याने वाढायचं. आणखी हवं असेल तर वाढणाऱ्याचं नाव घेऊन मागायचं. मी मागत नसे. पहिल्या वाढीवर उठायची आणि दुपारभर पोटात खड्डा घेऊन पाढे म्हणायची. माझ्या शेजारी बसणारी मुलगी एकदा तुम्हांला म्हणाली, "बाई, हिका वाढू? ही मागूची नाय." तुम्ही चुलीजवळून मान न वळवता म्हणालात, "नको. पोट तिचा, तोंड तिचा. कोणी मधी येवचा नाय." वर्गात तुम्ही शुद्ध बोलायचात, रागावलात की मालवणी. त्यामुळे तुम्ही रागावला आहात एवढं मला कळलं. किती दिवस गेले ते मोजले नव्हते, पण एका दुपारी मी म्हटलं, "उसळ दे." तुम्ही लगेच, "कोणाक सांगतंस? भिंतीक?" सगळी ओळ हसली. मग मी वाढणाऱ्या मुलाचं नाव घेतलं आणि उसळ मागितली, आणि त्याने डावभर जास्त घातली. मला रडू आलं. तुम्ही तेव्हाही चुलीकडेच बघत होतात. आता वाटतं, ते मुद्दाम असावं. तेव्हा वाटलं होतं की तुम्ही दुष्ट आहात. दोन्ही खरं असू शकतं.

आणि ती शिट्टी. चौथीच्या शेवटी तुम्ही आम्हांला चिठ्ठ्या टाकून एकेक मुलगा किंवा मुलगी नेमून दिलीत. त्याच्याशी बोलून त्याला काय हवं आहे ते काढायचं आणि तुम्हांला कानात सांगायचं. ती लहानशी वस्तू तुम्ही बाजारातून आणणार. माझ्या वाट्याला जो मुलगा आला त्याच्याशी मी एक शब्द बोलले नाही. त्याच्यावर लक्ष ठेवलं. तो रोज कोणाकडून तरी खोडरबर मागून घेतो, हे मी टिपलं आणि खात्रीने तुमच्या कानात सांगितलं, खोडरबर. वाटपाच्या दिवशी त्याने पुडी उघडली, खोडरबर उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "माका शिट्टी व्हयी होती." तुम्ही त्याला विचारलंत, "हिने तुला विचारलं होतं का?" "नाय." एवढंच. मला काही बोलला नाहीत. माझं निरीक्षण बरोबर होतं, त्याच्याकडे खोडरबर नव्हतं, हे मला तुम्हांला सांगायचं होतं. अजूनही सांगावंसं वाटतं.

तर ह्या वर्षी सरांनी विचारलं, "मॅडम, बाईंची ती उसन्या पोराची पद्धत गावात अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. ठेवायची का?" मी म्हणाले, नको. त्यात कोणी किती काम केलं ते कळत नाही. मुलांना संघभावना शिकवायची तर उद्दिष्ट मोजता यायला हवं. बाई, हे वाक्य मी जसंच्या तसं म्हणाले. आमच्या कंपनीत वर्षातून एकदा आम्हांला एका रिसॉर्टवर नेतात, गट पाडतात, वर्तमानपत्राच्या कागदांचे मनोरे बांधायला लावतात आणि सगळ्यात उंच मनोऱ्याला बक्षीस देतात. संध्याकाळी सगळे म्हणतात की आज आपण एकत्र काम करायला शिकलो. मला तो दिवस नेहमी कंटाळवाणा वाटलेला आहे, आणि तरीही पोरांपुढे उभी राहिल्यावर मला तेवढंच सुचलं. चार गट. प्रत्येकाच्या हद्दीवर रंगीत झेंडा. झेंड्यांच्या आत लागलेल्या प्रत्येक गोणीला गुण. जिंकणाऱ्या गटाला फुटबॉल, माझ्याकडून.

आराखडा चांगला होता, हे मला म्हणावं लागेल. तळाला रुंदी जास्त, वर कमी, गोण्या एकीच्या सांध्यावर दुसरी. गटागटांच्या हद्दीवर एका थराची गोणी शेजारच्याच्या तुकड्यात घुसवायची, पुढच्या थराला त्याची आपल्यात घ्यायची, म्हणजे दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसं. मी फळ्यावर चित्र काढलं. मुलांना बोटं अडकवायला लावली. सगळ्यांना समजलं. मग मी गुणांचा नियम सांगितला, आणि तोही सगळ्यांना समजला.

आता एका मुलीबद्दल. चौथीत आहे. मुलं तिला भोंगो म्हणतात, कारण तिचा आवाज व्हाळाच्या ह्या कडेवरून त्या कडेला जातो आणि दिवसभर चालूच असतो. तिची आई काजूच्या कारखान्यात जाते. ती सरांची नक्कल करते, माझी तर तिने दुसऱ्याच दिवशी केली: हात मागे बांधून, मान जराशी तिरकी, "तळ... समपातळीत... पाहिजे." सर हसू दाबत होते. मलाही हसू येत होतं, पण मी तिला दुसरी गोणी आणायला सांगितलं. ती आपल्या गटाची आपोआप प्रमुख झाली. पहिलीतल्या पोरांकडून तिने करवंट्यांची स्पर्धा लावून माती भरून घेतली. एकाचं नाक पुसलं, एकाला दाभण नीट धरायला शिकवलं. "मेल्या, गोणी शिवतंस की आवशीची गोधडी?" त्या गटातली पोरं तिच्या शिव्यांवर चालत होती, इंजिन तेलावर चालावं तशी. तुम्ही तिला पाहिलं असतंत तर तुम्हांला आनंद झाला असता. आणि तुम्ही तिलाही उसनं दिलं असतंत, थोड्या वेळाने, कारण तिला आपल्या माणसांशी बोलता येत होतं. पलीकडच्यांशी ती फक्त ओरडत होती.

दुपारी मी हद्दीवरचं हे ऐकलं. शेजारच्या गटातला एक मुलगा गोणी खांद्यावर घेऊन उभा होता.

"भोंग्या, सरक. ही गोणी तुमच्यात इली पायजे. ताईन चित्रात दाखवल्यान नाय?"

"तुमची गोणी आमच्यात नको."

"अगो, पण चित्रात..."

"चित्रात गुण खंय होते? तुमची गोणी आमच्यात इली तर आमची जागा जातली. आमचे गुण जातले. तुझे बापूस देतले?"

"मगे आमी पण तुमची घेवचव नाय!"

"नको घेवा. फुटबॉल आमीच घेतलव!"

मी ऐकलं आणि मध्ये पडले नाही. कोणी मधी येवचा नाय, हे तुमचं वाक्य होतं, बाई, पण तुम्ही ते अशा वेळी म्हणत नसायचात. मी मध्ये पडले नाही कारण वेग चांगला होता. गोण्या भराभर चढत होत्या.

संध्याकाळी मुलं घरी गेल्यावर मी एकटी पाहणीला उतरले. तिन्ही हद्दींवर थोडीफार अशीच ओढाताण झालेली होती, पण दोन ठिकाणी कोणीतरी चुकून का होईना शेजाऱ्याच्या गोणीवर गोणी टाकली होती. तिच्या हद्दीवर मात्र उभा सांधा होता. तळापासून वरपर्यंत एका रेषेत. दोन्ही बाजूंच्या भिंती पक्क्या, आणि मधे काही नाही, नुसतं टेकणं. मी बोटं घातली, ती मनगटापर्यंत गेली. त्याचा अर्थ मला माहीत होता. मला त्याचाच पगार मिळतो. दुरुस्त करायचं तर दोन्ही गटांचे थर उतरवून परत लावायचे, म्हणजे गुण परत मोजायचे, म्हणजे निकाल बदलणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली मंडळी नारळ घेऊन पाण्याची पूजा करायला येणार होती. मी त्या फटीत चिकणमाती ठासली, आतल्या अंगाने ताडपत्रीचा तुकडा लावला आणि वर आले. मला वाटलं, टिकेल. असं लिहिणं बरोबर नाही. मला वाटलं, मी इथे आहे तोवर टिकेल.

दुसऱ्या दिवशी फोटो निघाले. भोंग्याच्या गटाला फुटबॉल मिळाला. सरपंचांनी माझं नाव घेऊन सांगितलं की आपल्याच शाळेची मुलगी. पाणी दोन दिवसांत कमरेपर्यंत चढलं, विहिरीचं पाणीही वर आलं, आणि तिसऱ्या दिवशी, एरवी जेवणं उरकलेली असतात त्या वेळेला, जाड कापड फाटावं तसा आवाज आला. मी तेव्हा शाळेच्या ओट्यावर सरांशी बोलत होते. आम्ही धावलो. पाणी त्या एका फटीतून दोन्ही बाजूंच्या गोण्या उलथवत निघालं होतं. खाली, जिथे पहिलीतली पोरं जेवणानंतर ताटं धुवायला बसतात, तो धोंडा पाण्याखाली होता. त्या दिवशी भात शिजायला उशीर झाला होता म्हणून तिथे कोणी नव्हतं. ही गोष्ट मी कुठल्याच हिशेबात धरली नव्हती.

सगळी शाळा दरडीवर जमली. सरांनी मला विचारलं, सगळ्यांसमोर, "मॅडम, कशाने झालं हो?" आणि मी म्हणाले, "हद्दीवरचा सांधा कमकुवत राहिला."

वाक्य बरोबर आहे. अहवालात मी तेच लिहीन. पण ते मी संपवलं आणि सगळी मुलं त्या मुलीकडे वळली. शेजारच्या गटातला तो मुलगा म्हणाला, "मी सांगलेलंय! भोंग्यान आमची गोणी आत घेवक नाय!" मग सगळे एकदम. "हिच्यामुळे फुटलो बंधारो." "फुटबॉल दी परत." कोणीतरी लहान पोर रडत म्हणालं, "आमी इतकी माती भरलेली." ती माझ्याकडे बघत होती. चित्र काढणारी मी, नियम करणारी मी, झेंडे लावणारी मी; तिला वाटलं असेल की आता ही काहीतरी सांगेल. मी पाण्याकडे बघत होते, प्रवाहाचा अंदाज घेत असल्यासारखी.

त्या दिवसापासून ती बोलत नाही. हजेरीला हात वर करते. मुलं चिडवतात, "भोंगो बंद पडलो, वायर खंय तुटली रे?" आणि ती वळून बघतही नाही. फुटबॉल तिने स्वतः सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सर म्हणतात, "पोरां विसरतत हो मॅडम, चार दिवसांनी परत एक होतली." पण मैदानात आता दोन घोळके असतात, तिचा गट आणि शेजारचा गट, आणि तिच्या गटातही तिला कोणी घेत नाही. एकत्र काम करायला शिकवायला म्हणून मी गेले होते. इतक्या थोड्या वेळात इतकी मुलं एकमेकांपासून तोडणं तुम्हांला तीस वर्षांच्या नोकरीत जमलं नसतं.

तिची आई एकदा कारखान्यातून परतताना आमच्या खळ्यात आली. बसली नाही. म्हणाली, "गो, तू शिकलेली, म्हणान इचारतंय. माझा चेडू घरात बोलना नाय. आदी मीच म्हणी, गप रव गो, डोक्या उठलां. आता म्हणतंय, बोल गो बाये, कायतरी बोल. तेच्या हातून खराच कायतरी मोठा चुकला काय?"

मी म्हणाले, "नाही. पाण्याचा दाब जास्त होता. तिची काही चूक नाही."

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "ता तू माका सांगतंस," म्हणाली. "थंय शाळेत सांग मगे." आणि पिशवी उचलून गेली. माझी आई पडवीतून सगळं ऐकत होती. दुसऱ्या डोळ्याला पट्टी होती तरी तिने तोंड माझ्याकडे वळवलेलं होतं.

तेव्हापासून मी तुमच्याबद्दल विचार करते आहे, आणि तो मला नीट जमत नाही. मला असं लिहून टाकता येईल की तुमची उसन्या पोराची पद्धत म्हणजे हद्दीवरचे सांधे बांधायची युक्ती होती. तशी ती नव्हती. तुम्हांला पाण्याच्या दाबातलं काही कळत नव्हतं. तुमच्या बंधाऱ्याच्या गोण्या कशाही पडायच्या, त्याची उंची कुठे गुडघ्याएवढी तर कुठे कमरेएवढी असायची. तुम्हांला बंधाऱ्याची फारशी पर्वाच नव्हती, असं आता वाटतं. तुम्हांला पोरं ढवळायची होती. ती ढवळली गेली की गोण्याही ढवळल्या जात, एवढंच. आणि मला रोज का पाठवायचात? मी अबोल होते म्हणून, की मी गोणी भरण्यात हळू होते म्हणून, की तुमच्या सगळ्यात जवळ उभी असायची म्हणून? माझ्या शेजारी जेवायला बसणारी ती मुलगी आता नांदगावला असते. तिला फोन केला. ती म्हणाली, "शी, तुकाच खंय? माका पण धाडी बाई. सगळ्यांका धाडी." तिला ते आठवतं एक मजा म्हणून. मला पाठवलेलं तेवढं मला आठवलं, दुसऱ्यांना पाठवलेलं आठवलं नाही. हे मी विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

शनिवारी सकाळची शाळा आहे, आणि सरांनी बंधारा परत बांधायचं ठरवलं आहे. म्हणून आज शाळा सुटल्यावर मी भोंग्याच्या घरी गेले. तिची आई कामावरून यायची होती. ती मागच्या दारी लाल माठाच्या वाफ्याला तांब्याने पाणी घालत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "सांधा तुझ्यामुळे नाही राहिला. गुणांचा नियम मी केला होता. त्यांची गोणी आत घेतली असतीस तर तुझे गुण गेले असते. तू नियमाप्रमाणे वागलीस."

ती पाणी घालत राहिली. एक वाफा संपवला, तांब्या परत भरला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमका आदी ठावक होता?"

"हो."

"कदी?"

"आदल्या संध्याकाळी. तुम्ही सगळी घरी गेल्यावर."

"मगे हाक कित्याक नाय मारलात? आमी इलव असतो." दुसऱ्या वाफ्याकडे वळून, "सगळे इलव असतो. ते पण."

खरंच आली असती. कंदील घेऊन, आयांच्या शिव्या खात, गोण्या उतरवून परत लावायला आली असती, आणि ती त्यांच्या आयुष्यातली चांगली संध्याकाळ झाली असती. मला तेव्हा हे सुचलंही नव्हतं की मुलांना बोलावता येतं.

मी म्हणाले, ह्या वेळी गुण नाहीत, झेंडे नाहीत. फार पूर्वी शाळेत एक बाई होत्या, त्या प्रत्येक गटातलं एक पोर शेजारच्या गटाला उसनं द्यायच्या, तसं करू. तिने पहिल्यांदा मान वर केली.

"माका कोण घेतलो आता?"

मी म्हणाले, मला माहीत नाही. धीर द्यायला काहीतरी म्हणता आलं असतं, पण मला खरंच माहीत नव्हतं आणि तिला ते कळलं असतं.

"माका एकटीक सांगान काय उपेग?" ती म्हणाली. "तेंका सांगा. सगळ्यांसमोर. तुमी येतलात मा शनवारी?"

"येईन."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले, आणि ती परत वाफ्याकडे वळली. घरी येईपर्यंत मी मनात ती सभा उभी केली. दरड, मुलं, सर, बहुतेक काही पालकही. मी काय सांगणार ते मला माहीत आहे, ते दोन वाक्यांत मावतं. मी पाहिलं होतं. मी सांगितलं नाही. कठीण त्याच्या पुढचं आहे. तिथे आरेखन नाही, आकडे नाहीत. त्या मुलांपैकी कोणीही काहीही विचारू शकतं आणि मला त्याचं उत्तर त्याच्याकडे बघून द्यावं लागेल. इतकी वर्षं मी जे काम निवडलं त्यात हे कधी करावं लागलं नाही. कदाचित म्हणूनच ते निवडलं.

आईचा दुसरा डोळाही आता बरा आहे. एक गोष्ट सांगायची राहिली, बाई. बंधारा फुटला त्याच संध्याकाळी मी कसालवरून सुटणाऱ्या पुण्याच्या गाडीचं तिकीट काढलं. ते ह्या शनिवारचं आहे, सकाळचं. आज ती "नक्की?" म्हणाली तेव्हाही ते माझ्या फोनमध्ये होतं आणि आत्ताही आहे. हे पत्र लिहून झालं की रद्द करीन, असं ठरवून मी लिहायला बसले. म्हणून ते इतकं लांबलं.